ईमेल सर्व्हर लिहिताना: एसएमटीपीचे नियम कसे वाचायचे, कसे पाळायचे

एसएमटीपी म्हणजे एका यंत्राकडून दुसऱ्याकडे ईमेल नेण्याचे ठरलेले नियम, म्हणजेच प्रोटोकॉल. एसएमटीपी सर्व्हरची जेमतेम चालणारी पहिली आवृत्ती लिहायला फार वेळ लागत नाही. पोर्ट उघडायचा, आलेली ओळ वाचायची, ठरलेला कोड परत पाठवायचा आणि शेवटी मजकूर फाइलमध्ये टाकायचा. तुमच्याच संगणकावरून पाठवलेला मेल त्यात नीट पोचतोही. पण बाहेरचे सर्व्हर त्याच्याशी बोलू लागले की एखादा मेल दोनदा येतो, एखादा कुठेच सापडत नाही, कुणाच्या मजकुरातलं ओळीच्या सुरुवातीचं टिंब गायब होतं. याचं कारण बहुतेकदा एकच असतं. नियम वाचताना आपण 'कुठल्या कमांडला कुठलं उत्तर' एवढंच पाहिलेलं असतं.

माझं म्हणणं असं की हे नियम एक प्रश्न हाताशी ठेवून वाचावेत: या क्षणी हा मेल कुणाच्या जबाबदारीत आहे? पाठवणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या? वरवर किचकट वाटणारे बरेचसे नियम या एका प्रश्नाचं उत्तर पक्कं करण्यासाठी लिहिलेले आहेत. ते ध्यानात आलं की पाठांतराची गरज फारशी उरत नाही.

एक सूचना आधीच. कमांड प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टाइप होतात, इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. 'एहलो' म्हणजे ई, एच, एल, ओ. 'आरसेट' म्हणजे आर, एस, ई, टी.

पायरी १: कुठला कागद वाचायचा

इंटरनेटचे प्रोटोकॉल आरएफसी नावाच्या दस्तऐवजांत लिहिलेले असतात आणि ते कुणालाही मोफत वाचता येतात. एसएमटीपीचा आरएफसी ८२१ जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिला. २००१ मध्ये त्याची जागा आरएफसी २८२१ ने घेतली आणि २००८ मध्ये आरएफसी ५३२१ आला. या नंतरच्या दोन्हींचे संपादक जॉन क्लेन्सिन. शोध घेताना जुना क्रमांक हमखास समोर येतो, म्हणून दस्तऐवजाच्या माथ्यावरच्या ओळी आधी पाहायची सवय लावा. हा कागद कुणी रद्द केला, कुणी त्यात भर घातली, हे तिथेच लिहिलेलं असतं. शिवाय प्रत्येक आरएफसीला चुकांची दुरुस्ती सांगणारी वेगळी यादी असते. एखादं वाक्य कितीही वेळा वाचून पटेना, तर ती यादी उघडा. कधीकधी वाक्यच चुकलेलं असतं.

सुरुवातीला ५३२१ आणि ५३२२ हे दोनच पुरेत. पहिला सांगतो मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसा जातो, दुसरा सांगतो मेलच्या आत काय आणि कसं लिहिलेलं असतं. या दोहोंची गल्लत करू नका. बरेच गोंधळ याच गल्लतीतून सुरू होतात, त्याबद्दल पुढे सांगतो.

वाचताना तीन शब्दांवर नजर हवी: मस्ट, शुड आणि मे. त्यांचे अर्थ १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये ठरवून दिले आहेत. मस्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शुड म्हणजे पाळायचंच, पण तसंच सबळ कारण असेल आणि परिणामांचा पूर्ण विचार केला असेल तर मोडता येतं. नवखे लोक शुडकडे 'जमलं तर' म्हणून पाहतात आणि तिथेच फसतात. मे म्हणजे खरोखर ऐच्छिक. पण ऐच्छिक गोष्ट समोरच्याकडे असू शकते किंवा नसू शकते, हे दोन्ही धरूनच तुम्हाला कोड लिहावा लागतो.

कामाची पद्धत सांगतो. ५३२१ वाचताना प्रत्येक मस्ट वेगळा उतरवून काढा आणि त्याच्यापुढे एक चाचणी लिहा. चाचणी सुचत नसेल तर तो नियम अजून समजलेला नाही असं समजा आणि तो परिच्छेद पुन्हा वाचा.

पायरी २: हाताने एक संवाद करून पाहा

कोडला हात घालण्याआधी चालू असलेल्या एखाद्या सर्व्हरशी स्वतः बोला. स्वतःच्या संगणकावर पोस्टफिक्स किंवा एक्झिम हा तयार मेल सर्व्हर बसवा आणि टेलनेटने, म्हणजे हाताने ओळी टाइप करून पाठवणाऱ्या साधनाने, एसएमटीपीच्या पोर्ट २५ ला जोडा. संवाद साधारण असा होतो ('स' म्हणजे सर्व्हर, 'क' म्हणजे क्लायंट):

स: २२० मेल.एक्झाम्पल.कॉम
क: एहलो होस्ट.एक्झाम्पल.ऑर्ग
स: २५०-मेल.एक्झाम्पल.कॉम
स: २५०-साइझ १०४८५७६०
स: २५० एटबिटमाइम
क: मेल फ्रॉम:<अ@एक्झाम्पल.ऑर्ग>
स: २५० ठीक
क: आरसीपीटी टू:<ब@एक्झाम्पल.कॉम>
स: २५० ठीक
क: डेटा
स: ३५४ मजकूर पाठवा, शेवटी टिंब
क: (हेडर, रिकामी ओळ, मजकूर)
क: .
स: २५० स्वीकारलं
क: क्विट
स: २२१ निरोप

यात पाहण्यासारखं बरंच आहे. पहिला शब्द सर्व्हरचा असतो आणि २२० येईपर्यंत क्लायंटने गप्प बसायचं असतं. एहलोने क्लायंट आपलं नाव सांगतो. त्याचं उत्तर अनेक ओळींचं आहे, त्यांत सर्व्हर आपल्या सोयी जाहीर करतो. कोडनंतर आडवी रेघ असेल तर अजून ओळी यायच्या आहेत आणि मोकळी जागा असेल तर ती शेवटची ओळ. क्लायंट लिहिताना ही रेघ तपासली नाही, तर पुढच्या प्रत्येक कमांडला मागच्या कमांडचं उत्तर जोडलं जातं.

टेलनेटऐवजी नेटकॅट वापरणार असाल तर एक लक्षात घ्या. तो साधारणपणे ओळीच्या शेवटी फक्त लाइन फीड पाठवतो, एसएमटीपीला मात्र कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी जोडी हवी असते. बऱ्याच आवृत्त्यांत त्यासाठी मोठ्या 'सी' अक्षराचा पर्याय असतो. स्वतःचा सर्व्हर तपासताना २५ ऐवजी २५२५ सारखा पोर्ट घ्या, कारण युनिक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट उघडायला विशेष अधिकार लागतात. आणि पत्ते एक्झाम्पल.कॉमचेच वापरा. हे नाव आरएफसी २६०६ ने उदाहरणांसाठी राखून ठेवलं आहे, त्यामुळे तुमच्या चाचणीचा मेल चुकून कुणा खऱ्या माणसाच्या दारात जाणार नाही.

पायरी ३: पाकीट वेगळं, पत्र वेगळं

वरच्या संवादात मेल फ्रॉम आणि आरसीपीटी टू मध्ये दिलेले पत्ते म्हणजे पाकीट. डेटानंतर येणाऱ्या मजकुरातले 'फ्रॉम' आणि 'टू' हे हेडर पत्राच्या आतले. मेल कुठे पोचवायचा हे ठरतं ते केवळ पाकिटावरून. सर्व्हरने आतला 'टू' वाचून पत्ता ठरवायचा नसतो. बीसीसी चालतं ते यामुळेच: तो पत्ता पाकिटावर असतो, पत्रात नसतो. मेलिंग लिस्टवरून आलेल्या मेलमध्ये 'टू' पुढे तुमचं नाव नसतानाही तो तुम्हाला मिळतो, त्याचंही कारण हेच.

तुमच्या कोडमध्ये पाकिटाला स्वतंत्र रचना द्या: एक पाठवणारा, अनेक घेणारे आणि संवाद कुठवर आला याची नोंद. ही नोंद म्हणजेच प्रोटोकॉलचा कणा. एहलोशिवाय मेल फ्रॉम आला, मेल फ्रॉमशिवाय आरसीपीटी टू आला, किंवा एक व्यवहार चालू असताना दुसरा मेल फ्रॉम आला, तर उत्तर ५०३, म्हणजे कमांडचा क्रम चुकला. एकही घेणारा स्वीकारला गेला नसताना डेटा आला तर ५०३ किंवा ५५४. आरसेट आली की पाकीट रिकामं करायचं, जोडणी तशीच ठेवायची. मध्येच नवा एहलो आला तरी पाकीट रिकामं होतं. मेल यशस्वी झाल्यावरही ते रिकामं होतं, कारण त्याच जोडणीवरून लगेच दुसरा मेल येऊ शकतो. हे शेवटचं विसरलं तर आधीच्या मेलचे घेणारे पुढच्या मेलला चिकटतात आणि एकाचं पत्र दुसऱ्याच्या हाती पडतं. इथे जरासाही हलगर्जीपणा चालत नाही.

कमांडची अक्षरं लहान असोत वा मोठी, अर्थ एकच. डोमेनचंही तसंच. पण पत्त्यातला @ च्या आधीचा भाग ज्याचा मेलबॉक्स आहे त्या सर्व्हरचा खासगी प्रांत आहे. मेल पुढे पाठवताना तुम्ही त्यातलं एकही अक्षर लहानमोठं करायचं नाही. स्वतःच्या मेलबॉक्ससाठी मात्र लहानमोठ्या अक्षरांत भेद करू नका, नाहीतर लोकांना मेल मिळणार नाहीत.

मेल फ्रॉमच्या कोलनभोवती जागा सोडायला ५३२१ मनाई करतो, तरी जागा सोडणारे क्लायंट भेटतात. अशा वेळी पोस्टेल यांचं जुनं तत्त्व आठवावं: पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार. कोलननंतरच्या एका जागेने कुणाचं काही बिघडत नाही, ती खुशाल चालवून घ्या. पण हे उदार धोरण सरसकट सगळीकडे लावता येत नाही. कुठे लावायचं नाही, ते आता पाहू.

पायरी ४: ओळीचा शेवट आणि ते टिंब

नवख्यांचं घोडं नेमकं इथे पेंड खातं.

एसएमटीपीत ओळ संपते ती १३ (कॅरेज रिटर्न) आणि १० (लाइन फीड) या दोन बाइटच्या जोडीने. नुसता १३ किंवा नुसता १० म्हणजे ओळीचा शेवट नव्हे. मजकूर संपतो तो फक्त 'जोडी, टिंब, जोडी' या क्रमाने. आता मजकुरातच एखादी ओळ केवळ टिंबाची असेल तर? त्यासाठी नियम आहे: टिंबाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीच्या आधी पाठवणारा आणखी एक टिंब जोडतो आणि घेणारा तो काढून टाकतो. दोन्ही बाजूंनी हे अगदी एकेकदाच व्हायला हवं. तुमच्या सर्व्हरने काढायचं टिंब काढलं नाही तर मजकुरात ते दुप्पट दिसतं, आणि पुढे पाठवताना जोडलं नाही तर समोरच्याकडे ते गायब होतं किंवा मेल अर्ध्यावर तुटतो.

दुसरी अडचण टीसीपीची, म्हणजे ज्या जोडणीवरून हा संवाद चालतो तिची. एकदा वाचलं की एक पूर्ण ओळ मिळेल अशी खात्री टीसीपी देत नाही. १३ एका वाचनात आणि १० पुढच्या वाचनात येऊ शकतो. टिंबाची ओळ तीन तुकड्यांतही येऊ शकते. उलट एकाच वाचनात चार कमांड एकदम येऊ शकतात, कारण पाइपलायनिंगची सोय जाहीर केलेल्या सर्व्हरला क्लायंट उत्तराची वाट न पाहता कमांड पाठवतो. म्हणून बाइट साठवणारा बफर आणि त्यातून ओळी काढणारा भाग पूर्णपणे वेगळा लिहा. त्याची चाचणी एक एक बाइट पाठवून घ्या आणि मग सगळा संवाद एका दमात पाठवून घ्या. दोन्ही वेळा उत्तरं तंतोतंत सारखी यायला हवीत.

आता तो उदारपणाचा मुद्दा. 'नुसता लाइन फीड आला तरी ओळ संपली असं धरू, काय बिघडतं?' असं वाटणं साहजिक आहे. पण ५३२१ स्पष्ट सांगतो की 'लाइन फीड, टिंब, लाइन फीड' हा मजकुराचा शेवट मानायचा नाही. याचं महत्त्व डिसेंबर २०२३ मध्ये सगळ्यांना कळलं. सेक कन्सल्ट या सुरक्षा कंपनीच्या टिमो लाँगिन यांनी 'एसएमटीपी स्मगलिंग' हा हल्ला तेव्हा प्रसिद्ध केला. पाठवणारा सर्व्हर एका क्रमाला मजकुराचा शेवट मानत नाही आणि घेणारा मानतो, तेव्हा हल्लेखोर मजकुराच्या पोटात दुसरा मेल दडवतो. पहिला सर्व्हर त्याला एकच पत्र समजून पुढे ढकलतो. दुसऱ्याच्या दृष्टीने पहिलं पत्र मध्येच संपतं आणि पुढच्या ओळी म्हणजे नवी कमांड. त्यातून विश्वासातल्या सर्व्हरमार्फत भलत्याच नावाचा मेल निघतो. पोस्टफिक्स, सेंडमेल, एक्झिम या तिन्हींना त्यानंतर दुरुस्त्या कराव्या लागल्या. पत्र कुठे संपतं यावर दोन्ही बाजूंचं एकमत नसेल तर जबाबदारी कुठे संपते यावरही नसतं, म्हणून या जागी तसूभरही सूट देऊ नका. नुसता लाइन फीड आला तर नकार द्या.

पायरी ५: उत्तराचा पहिला अंक

२ म्हणजे झालं. ३ म्हणजे अजून पुढचं पाठवा. ४ म्हणजे आत्ता नाही, नंतर या. ५ म्हणजे नाही, पुन्हा येऊ नका. क्लायंट बहुतेकदा पहिल्या अंकावरूनच वागतो, मजकूर माणसांसाठी असतो.

४ आणि ५ मधली निवड गंभीरपणे करा. डिस्क भरली, डेटाबेस बंद पडला, डीएनएसचं (डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचं) उत्तर आलं नाही, तुमच्याच कोडमध्ये अनपेक्षित त्रुटी आली, या सगळ्याला ४५१ किंवा ४५२ द्या. मेल पाठवणाऱ्याकडेच राहतो आणि तो पुन्हा प्रयत्न करतो. अशा वेळी ५५० दिलं तर पाठवणाऱ्या माणसाला 'असा पत्ताच नाही' असं कळतं आणि कित्येक लिस्ट तो पत्ता यादीतून काढून टाकतात. पत्ता खरोखर नसेल तेव्हाच ५५०. आणि तो नकार आरसीपीटी टू च्या वेळीच द्या. आधी घेऊन मग परत पाठवला, तर खोट्या पत्त्यावरून आलेल्या स्पॅमचा परतावा कुणा निरपराध माणसाच्या माथी बसतो.

घेणाऱ्यांची संख्या फार झाली तर ४५२. जुन्या आरएफसी ८२१ मध्ये इथे ५५२ होतं, ते चुकीचं असल्याचं ५३२१ नोंदवतो. सर्व्हर बंद करायचा असेल तर ४२१ देऊन जोडणी तोडा. एरवी क्विट येईपर्यंत सर्व्हरने स्वतःहून जोडणी तोडायची नसते.

आकडेही इथेच सांगून टाकतो. @ च्या आधीचा भाग ६४ बाइट, डोमेन २५५, कमांडची ओळ ५१२, मजकुराची ओळ १०००. ओळींच्या आकड्यांत शेवटची जोडी धरलेली आहे. घेणारे किमान १०० तरी झेपले पाहिजेत. पुढच्या कमांडची वाट सर्व्हरने किमान ५ मिनिटं पाहावी. ओळीची लांबी मोजताना मर्यादा ओलांडली की साठवणं थांबवा, पण ओळ संपेपर्यंत वाचत राहा आणि मग ५०० द्या. नाहीतर उरलेला भाग नवी कमांड ठरतो.

पायरी ६: शेवटच्या टिंबानंतरचं २५०

संपूर्ण प्रोटोकॉलमधली सगळ्यात मोलाची जागा ही. टिंबाला २५० असं उत्तर दिलं, त्या क्षणी मेलची जबाबदारी तुमच्या अंगावर आली. समोरचा सर्व्हर त्याची प्रत पुसून टाकतो. आता जगात ती प्रत फक्त तुमच्याकडे आहे. ५३२१ म्हणतो की यंत्र नंतर बंद पडलं किंवा जागा संपली अशा क्षुल्लक कारणांनी हा मेल हरवता कामा नये. 'प्रोग्रॅम क्रॅश झाला' असं सांगून हात झटकता येत नाहीत.

त्याचा कोडमधला अर्थ असा. मजकूर आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, ती फाइल एफसिंकने डिस्कवर उतरवा, मग तिचं नाव बदलून ती खऱ्या जागी न्या, फोल्डरलाही एफसिंक करा आणि त्यानंतरच २५० पाठवा. नुसतं फाइलमध्ये लिहिल्याने डेटा डिस्कवर पोचत नाही. तो काही काळ मेमरीतच असतो. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी आखलेली मेलडिर ही पद्धत याच क्रमावर उभी आहे: आधी 'टीएमपी' फोल्डर, मग 'न्यू'. ती जशीच्या तशी उचलली तरी चालेल.

आता उलट बाजू. तुम्ही मेल डिस्कवर उतरवला, पण २५० समोर पोचण्याआधी जोडणी तुटली. समोरच्याला उत्तर मिळालं नाही, तो पुन्हा पाठवणार, मेल दोनदा येणार. हा धोका पूर्ण टाळता येत नाही, कमी मात्र करता येतो. १९८८ चा आरएफसी १०४७ याच विषयावर आहे आणि त्याचा सल्ला साधा आहे: टिंब आणि उत्तर यांमध्ये कमीत कमी वेळ घ्या. क्लायंटने या उत्तरासाठी १० मिनिटं थांबावं असं ५३२१ सांगतो, पण सगळेच तितके थांबत नाहीत. म्हणून लांबलचक तपासण्या इथे भरू नका.

हरवणं आणि दुप्पट होणं यांत निवड करायची वेळ आली तर एसएमटीपी दुप्पट होणं निवडतो. मला ही निवड योग्य वाटते. दोनदा आलेलं पत्र माणूस एकदा पुसतो, न आलेल्या पत्राची त्याला खबरही नसते.

डेटाचं उत्तर सगळ्या घेणाऱ्यांसाठी मिळून एकच असतं. दहापैकी एकाच्या मेलबॉक्समध्ये जागा नसली तरी २५० दिल्यावर त्या एकाची सूचना पाठवणं तुमचं काम. प्रत्येक घेणाऱ्यासाठी वेगळं उत्तर हवं असेल तर त्यासाठी आरएफसी २०३३ मधला एलएमटीपी आहे. तो एकाच संस्थेच्या आतल्या यंत्रांमध्ये वापरतात.

पायरी ७: पुढे पाठवणं, परत पाठवणं

जबाबदारी घेतल्यावर ती पुढे कुणाकडे तरी द्यायची असते. त्यासाठी डोमेनच्या एमएक्स नोंदी, म्हणजे त्याचे मेल घेणाऱ्या सर्व्हरांची यादी, डीएनएसमध्ये शोधा. प्रत्येक नोंदीला प्राधान्याचा आकडा असतो. लहान आकडा आधी, आकडे सारखे असतील तर त्यांत कुठलाही क्रम. एमएक्स नोंद नसेल तर डोमेनचाच पत्ता वापरा. नोंदी आहेत पण एकही कामाची नसेल तर मात्र डोमेनच्या पत्त्यावर जाऊ नका, ती चूक म्हणून नोंदवा. यादीत तुमच्याच सर्व्हरचं नाव असेल तर ते आणि त्याच्या बरोबरीचे किंवा मोठ्या आकड्याचे सगळे गाळा, नाहीतर मेल स्वतःभोवतीच फिरेल. डीएनएसने उत्तरच दिलं नाही, तर तो तात्पुरता अडथळा समजून मेल रांगेत ठेवा.

४ ने सुरू होणारं उत्तर आलं तर पुन्हा प्रयत्न करायचा. दोन प्रयत्नांत किमान ३० मिनिटांचं अंतर असावं आणि हार मानायला किमान ४-५ दिवस घ्यावेत, असं ५३२१ सुचवतो. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला मुद्दाम एकदा ४५० देतात आणि तो परत येतो का ते पाहतात, त्यामुळे पुन्हा प्रयत्न न करणारा सर्व्हर अर्धवटच म्हणायचा.

अखेर हार मानली तर पाठवणाऱ्याला कळवावं लागतं. हा परताव्याचा मेल जातो तो रिकाम्या पाकीट-पत्त्यावरून: मेल फ्रॉम:<>. असा मेल पोचला नाही तर त्याचा परतावा कधीच पाठवायचा नाही. नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांना परतावे पाठवत बसतील. यासाठीच रिकाम्या पत्त्यावरून आलेला मेल तुम्ही नाकारता कामा नये. स्पॅम थांबवण्याच्या नादात हा नियम मोडणारे सर्व्हर आजही दिसतात आणि त्यांच्या वापरकर्त्यांना आपला मेल पोचला नाही हे कधीच कळत नाही.

प्रत्येक सर्व्हर मेलच्या माथ्यावर 'रिसीव्ह्ड' ओळ जोडतो. आधीच्या ओळींना हात लावायचा नाही. या ओळी मोजूनच चक्रात अडकलेला मेल ओळखतात. मर्यादा किमान १०० ठेवावी. घेणारे अनेक असतील तेव्हा या ओळीत त्यांचे पत्ते लिहू नका, बीसीसी उघडं पडतं.

स्वतःच्या डोमेनवरून पाठवायचं तर मेल खरोखर त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन तपासण्या लागतात. इथेही पाकीट-पत्राचा फरक कामी येतो: एसपीएफ पाकिटावरचा पत्ता तपासतो, डीकिम पत्रावरची सही, आणि डीमार्क पाहतो की यांपैकी एकाचं तरी डोमेन आतल्या 'फ्रॉम'शी जुळतं का. एसपीएफच्या तपासणीत डीएनएसचे शोध १० च्या आत बसवावे लागतात. डीकिमची सही झाल्यावर मजकुरात ढवळाढवळ केली तर सही मोडते.

पायरी ८: कुणासाठी पाठवायचं

पोर्ट २५ वर अनोळखी सर्व्हर येतो तेव्हा फक्त तुमच्या डोमेनचे घेणारे स्वीकारा, बाकी सगळ्यांना ५५०. हा नियम नसलेला सर्व्हर म्हणजे उघडा रिले. स्पॅम पाठवणारे तो शोधून काढतात आणि तुमचा आयपी पत्ता काळ्या यादीत जातो. म्हणून ही तपासणी पहिल्या दिवसापासून कोडमध्ये हवी, चाचणीच्या सर्व्हरवरसुद्धा.

तुमच्या वापरकर्त्यांनी मेल पाठवायचा तो पोर्ट ५८७ किंवा ४६५ वरून, पासवर्ड देऊन. ४६५ वर जोडणी पहिल्या बाइटपासून टीएलएसमध्ये, म्हणजे सांकेतिक रूपात, असते आणि २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने हाच मार्ग पसंत केला आहे. ५८७ वर आधी साधा संवाद आणि मग स्टार्टटीएलएस या कमांडने टीएलएस सुरू. टीएलएस सुरू होण्याआधी पासवर्डची सोय जाहीरच करू नका.

स्टार्टटीएलएसला २२० दिल्यावर दोन कामं न चुकता करा. आधी क्लायंटने सांगितलेलं सगळं विसरा, त्याने पुन्हा एहलो करायला हवं. आणि वाचनाच्या बफरमध्ये साध्या जोडणीवरून आलेले उरलेसुरले बाइट असतील तर ते फेकून द्या. पाइपलायनिंगमध्ये बफर कधीही फेकायचा नसतो, इथे मात्र फेकायचाच. पोस्टफिक्सचे लेखक वीत्सा वेनेमा यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की बरेच सर्व्हर हे करत नव्हते. दोन यंत्रांच्या मध्ये बसलेला हल्लेखोर साध्या जोडणीत कमांड घुसवायचा आणि सर्व्हर ती सुरक्षित जोडणीतली समजून पाळायचा.

ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने (टीएलएस जोडणी उघडून देणारं साधन) हाताने चाचणी करताना आरसीपीटी टू लहान अक्षरांत लिहा. ओळीच्या सुरुवातीचा मोठा 'आर' त्या साधनाला स्वतःसाठीची सूचना वाटतो. कमांड लहान अक्षरांतही चालते, म्हणून अडचण लगेच सुटते.

एहलोमध्ये दिलेलं नाव समोरच्या आयपी पत्त्याशी जुळत नाही एवढ्याच कारणाने मेल नाकारायला ५३२१ मनाई करतो. आणि पोस्टमास्टर हा पत्ता प्रत्येक सर्व्हरवर चालू हवा, डोमेनशिवाय लिहिला तरी. तुमच्या सर्व्हरचं काही चुकलं तर दुसरा प्रशासक तुम्हाला तिथेच लिहितो.

पायरी ९: मेल वाचण्याची बाजू

इथवर मेल आत आला. तो माणसापर्यंत नेण्यासाठी पॉप३ किंवा आयमॅप हे प्रोटोकॉल. सुरुवात पॉप३ ने करा. आरएफसी १९३९ छोटा आणि सुबक आहे, टिंबाचा नियम तोच, आणि 'डेली' कमांडने खूण केलेले मेल खरोखर पुसायचे ते क्विट आल्यावरच. जोडणी मध्येच तुटली तर एकही मेल पुसायचा नाही. जबाबदारी कधी हस्तांतरित झाली हाच प्रश्न इथेही आहे.

आयमॅप मोठा विषय आहे. त्याची नवी आवृत्ती २०२१ च्या आरएफसी ९०५१ मध्ये आहे. आत्ता एवढंच ध्यानात ठेवा: प्रत्येक मेलचा यूआयडी, म्हणजे मेलबॉक्समधला त्याचा स्वतःचा क्रमांक, वाढताच असतो आणि तो पुन्हा दुसऱ्या मेलला देता येत नाही. काही कारणाने क्रमांक नव्याने द्यावे लागले तर यूआयडी-व्हॅलिडिटीचा आकडा वाढवा, नाहीतर क्लायंट जुन्या साठवणीतला भलताच मेल दाखवेल.

पायरी १०: सर्व्हर मारून पाहा

सर्व्हर लोकांसाठी उघडण्याआधी एक चाचणी घ्याच. एक छोटा क्लायंट लिहा, जो हजार मेल पाठवेल. प्रत्येकाला वेगळा क्रमांक असेल आणि ज्यांच्या टिंबाला २५० मिळालं त्यांचे क्रमांक तो दुसऱ्या यंत्रावर लिहून ठेवेल. मेल वाहत असताना सर्व्हरची प्रक्रिया 'किल' कमांडने, ९ क्रमांकाच्या सिग्नलने मारा. शक्य असेल तर आभासी यंत्राची वीजच तोडा, कारण नुसती प्रक्रिया मारल्याने एफसिंक विसरल्याचं उघड होत नाही. मग सर्व्हर पुन्हा सुरू करा आणि यादीतला प्रत्येक क्रमांक मेलबॉक्समध्ये शोधा. काही मेल जास्तीचे किंवा दोनदा सापडले तर चालेल. यादीतला एकही कमी भरला, तर सहाव्या पायरीतल्या फाइल लिहिण्याच्या क्रमाकडे परत जा.